कळीचा चुना

पेनॉबस्कॉटच्या आखातात चुन्याची गलबतं
स्वच्छपणावरून ओळखू यायची.
आमची 'पेशन्स डायर' पीठ चाळलेल्या परातीसारखी:
दोन डोलकाठ्या, चार माणसं, एक मांजर,
आणि पोटात बाराशे पिंपं कळीचा चुना.

पाण्यानं विस्तव विझतो, हे जमिनीवरचं शहाणपण.
आमचा पाण्यानंच पेटायचा.
एक शिवण उसवावी, ओंजळभर समुद्र आत यावा,
की पिंपं फुगतात, पट्ट्या तुटतात,
लाकूड आतल्या आत धुमसू लागतं.
म्हणून दर हिवाळ्यात कप्तान एलिफलेट क्रॉकेट
स्वतः गुडघ्यांवर बसून फटींत डांबरी काथ्या ठोकायचा.
तेवढीच एका माणसाची मजुरी वाचायची.

तरी त्या नोव्हेंबरात, बोस्टनच्या वाटेवरून
वाऱ्यानं आम्हाला मागे लोटलं, त्या पहाटे
स्वयंपाकी झीनस म्हणाला,
"भिंतीला सफेदी दिल्यासारखा वास येतोय."
चौघांनी नाकं फळ्यांना लावली.
कुणी काही बोललं नाही.

अशा वेळी पाणी मारायचं नसतं. कोंडायचं असतं.
चुनाच कालवून फाळक्यांच्या कडा, दारं, धुराडं,
खिळ्यांची भोकंसुद्धा आम्ही लिंपली.
चुन्यालाच चुना लावला, झीनस म्हणाला,
आणि हसला, एकटाच.
बंदरात आम्हाला कोण घेणार?
मैलभर बाहेर, बेटाच्या आडोशाला नांगर टाकला.

तिथून कप्तानाचं घर दिसायचं.
थर्झाचे दिवस भरत आले होते.
दुर्बीण त्यानं कुणाला दिली नाही.
सोमवारी दोरीवर धुणं: चादरी, त्याचा राखाडी सदरा.
म्हणजे ती अजून उभी राहते, एवढं कळायचं.

चूल बंद. कडक बिस्किटं, काकवी, गार पाणी.
मी दर तासाला फळ्यांवर तळहात टेकवायचो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.
मांजर माझ्याहून हुशार. ते जिथे झोपेल
तिथे आम्ही खडूनं खूण करायचो.
खुणा हळूहळू मोठ्या डोलकाठीकडे सरकत होत्या.

दुसऱ्या सोमवारी दोरी रिकामी.
मंगळवारी रिकामी.
त्यानं काच पुसली, पुन्हा डोळ्याला लावली.
मी म्हटलं, होडी आहे, जा,
अर्ध्या तासाची वल्ही.
तो म्हणाला, "मी गेलो की तुम्ही फाळका उघडाल, एझ्रा.
जरासं बघू म्हणून.
बघितलं की पेटतं."
मला वाटलं, घरी जायला घाबरतोय.
अजूनही कधी कधी तसंच वाटतं.

गुरुवारी दोरीवर लहान पांढरे चौकोन,
ओळीनं, वाऱ्यात आडवे झालेले.
बाळोती.
त्यानं मोजली. सात.
दुर्बीण पहिल्यांदा माझ्या हातात दिली
आणि डोलकाठीपाशी जाऊन मांजराला उचललं.
फळी अजून कोमट होती.

आणखी अकरा दिवस आम्ही उघडलं नाही.

उघडलं तेव्हा आत सगळं थिजून दगड झालेलं.
पहारीनं फोडून समुद्रात टाकलं.
भाडं बुडालं, आमचे पगार त्यानं
दोन वर्षांत, थोडे थोडे करून, चुकते केले.
'पेशन्स' पुढे थकली, गळू लागली,
मग भट्ट्यांसाठी सरपण वाहायची.
लाकूड भरलेलं गलबत कितीही गळो, बुडत नाही.
म्हातारपणी तिला तेवढी सूट मिळाली.

थर्झानं मला एकदाच विचारलं,
दोरी रिकामी होती त्या मंगळवारी तो काय करत होता?
मी सांगितलं, जुने दोर उसवत होता.

तो फळीवर हात टेकवून बसला होता.
ओल्या चुन्यानं तळव्याची कातडी सोलत होती
आणि तो हात उचलत नव्हता.